फाटलेला खांदा, दुखणारा खांदा



ज्यांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला भरते, ते शाळेत शास्त्र शिकवायचे. मुलानं पाठ केलेलं उत्तर धडाधडा म्हणून दाखवलं की ते शांतपणे विचारायचे, "हे तुला कुणी सांगितलं?" इथल्या जुन्या मंडळींकडून मी ही गोष्ट ऐकली आणि माझा विषय ठरला. खांदा दुखतो, एमआरआय काढला जातो, रिपोर्टात 'टेअर' असं लिहून येतं आणि घरातले सगळे एका निष्कर्षावर पोचतात : आत काहीतरी फाटलंय, त्यामुळे दुखतंय, शिवलं की थांबेल. हे आपल्याला कुणी सांगितलं?

मी अस्थिरोगतज्ज्ञ आहे. खांद्याची दुखणी बघतो आणि जिथं गरज असते तिथं शस्त्रक्रियाही करतो. तरीही फाटण्याची आणि दुखण्याची आपण जी सरळ गाठ मारून ठेवली आहे ती पुराव्यावर टिकत नाही, हे मला आज तुमच्यापुढे मांडायचं आहे. दुखणं तयार होतं ते पेशींत, रसायनांत, मज्जातंतूंत, मज्जारज्जूत आणि मेंदूत. कंडरेतली फाट त्याला कधी निमित्त होते, कधी शेजारी नुसती बसून असते.

आधी खांद्याची रचना थोडक्यात पाहू. दंडाच्या हाडाचा गोल माथा मोठा आहे आणि खवाट्यावरची त्याची खोबण लहान आणि उथळ आहे. त्यामुळे हात सगळ्या दिशांनी फिरतो, पण माथा खोबणीत धरून ठेवायचं काम हाडांना जमत नाही. ते चार स्नायू करतात : सुप्रास्पायनेटस, इन्फ्रास्पायनेटस, टेरिस मायनर आणि सबस्कॅप्युलॅरिस. हे चारही खवाट्यावरून निघतात. त्यांच्या कंडरा, म्हणजे स्नायूला हाडाशी जोडणारे पांढरे चिवट पट्टे, एकमेकींत मिसळून माथ्याला वेढतात. यालाच रोटेटर कफ म्हणतात. यातली सुप्रास्पायनेटसची कंडरा सर्वाधिक वेळा बिघडते. ती अक्रोमियन नावाच्या हाडाच्या छपराखालून जाते. तिथली जागा जेमतेम सेंटिमीटरभर असते, आणि छप्पर व कंडरा यांच्यामध्ये बर्सा नावाची पातळ, ओलसर पिशवी असते. ही बर्सा लक्षात ठेवा, पुढे तिचं काम आहे.

कंडरा म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर दोर येतो. दोर कडेला घासला की झिजतो, झिजला की तुटतो, गाठ मारली की पुन्हा वापरता येतो. खांद्याच्या दुखण्याबद्दलचे आपले बहुतेक गैरसमज या दोराच्या चित्रातून आलेले आहेत. दोराला पेशी नसतात, रक्त नसतं. आपल्यावर किती ताण येतोय हे त्याला कळत नाही आणि त्याप्रमाणे तो आपली घडण बदलत नाही. कंडरा हे सगळं करते.

आता पुराव्याकडे येऊ. १८३४ साली लंडनमध्ये जे. जी. स्मिथ यांनी शवविच्छेदनात दिसलेल्या खांद्याच्या फाटलेल्या कंडरांचं वर्णन छापलं. वैद्यकाच्या सुरुवातीच्या नोंदींत ही फाट अशी, मृतदेहांत सापडली. यात एक मोठी अडचण आहे. मृतदेहाला 'दुखत होतं का?' असं विचारता येत नाही. जिवंत माणसाच्या खांद्याच्या आत न कापता, न टोचता डोकावायची सोय व्हायला पुढे सुमारे दीडशे वर्षं लागली. ती झाल्यावर जे दिसलं त्यानं आमचं शास्त्र हललं. १९९५ साली शेर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी खांद्याची काहीही तक्रार नसलेल्या ९६ जणांचे एमआरआय काढले. ३४ टक्के लोकांच्या कफमध्ये पूर्ण किंवा अर्धवट फाट निघाली. साठीच्या पुढच्यांमध्ये हे प्रमाण ५४ टक्के होतं. म्हणजे साठी ओलांडलेल्या, खांद्याची तक्रार नसलेल्या दोन माणसांमागे एकाच्या रिपोर्टात 'टेअर' लिहून येणार.

जपानमध्ये मिनागावा यांच्या गटानं याहून पुढची पायरी गाठली. त्यांनी एका गावातल्या ६६४ रहिवाशांचे खांदे सोनोग्राफीनं तपासले. हे लोक दवाखान्यात आलेले रुग्ण नव्हते, गावकरी होते. १४७ जणांच्या कंडरा आरपार फाटलेल्या आढळल्या, म्हणजे २२ टक्क्यांच्या आसपास. त्या १४७ पैकी जवळपास दोनतृतीयांश लोकांना काहीही त्रास नव्हता. हा अहवाल २०१३ चा आहे. पुढच्याच वर्षी अमेरिकेतल्या एका मोठ्या गटानं उलट बाजूनं प्रश्न विचारला : ज्यांना दुखतंय आणि ज्यांची कंडरा आरपार फाटलीही आहे, त्यांच्यात मोठी फाट असलेल्याला जास्त दुखतं का? ३९३ रुग्ण पाहिले. फाटीचा आकार आणि दुखण्याची तीव्रता यांचा मेळ बसला नाही. बाकीचे आजार किती आहेत, शिक्षण किती झालंय, यांचा मात्र दुखण्याशी संबंध दिसला. अंगावर मधुमेह, रक्तदाब आणि कष्टाची नोकरी असलेल्या माणसाचा खांदा एकटा दुखत नसतो, हे ज्यांनी सरकारी रुग्णालयाची बाह्यरुग्ण रांग पाहिली आहे त्यांना वेगळं सांगायला नको.

फाट बिनमहत्त्वाची आहे असं मी म्हणत नाही. न दुखणाऱ्या फाटींवर वर्षानुवर्षं लक्ष ठेवलं तेव्हा असं दिसलं की फाट मोठी होत जाते तेव्हा दुखणं सुरू व्हायची शक्यता वाढते. संबंध आहे. पण तो सरळ रेषेतला नाही, आणि मधल्या पायऱ्या आपण गाळतो.

इथं मला एका माणसाबद्दल बोलायचं आहे, आणि जरा सविस्तर बोलायचं आहे. अर्नेस्ट अमोरी कॉडमन. जन्म १८६९, कर्मभूमी बॉस्टन. फाटलेली सुप्रास्पायनेटस शिवण्याची शस्त्रक्रिया त्यांनी १९०९ मध्ये केली आणि १९११ मध्ये तिची माहिती छापली. 'द शोल्डर' हे त्यांचं पुस्तक १९३४ साली निघालं, आणि खांद्यावर काम करणारा प्रत्येक डॉक्टर आजही कुठे ना कुठे त्याच्याशी येऊन पोचतो. 'फ्रोझन शोल्डर' हा शब्दही त्यांचाच. पण मला कॉडमन मोठे वाटतात ते दुसऱ्याच कारणासाठी. ते म्हणत, शस्त्रक्रिया झाली, टाके निघाले, रुग्ण घरी गेला, इथं काम संपत नाही. वर्षभरानं त्याला शोधून काढा आणि विचारा : बरं वाटतंय का? नसेल तर का नाही? आणि हे निकाल लपवू नका, जाहीर करा. या आग्रहापायी त्यांनी १९१४ मध्ये मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटल सोडलं. १९१५ च्या जानेवारीत एका सभेत त्यांनी बॉस्टनच्या वैद्यकीय प्रतिष्ठितांची खिल्ली उडवणारं मोठं व्यंगचित्र उघडं केलं आणि शहरातल्या मोठ्या मंडळींचा रोष ओढवून घेतला. १९४० मध्ये ते गेले. त्यांच्या कबरीवर नाव कोरलेला दगडही नव्हता, तो २०१४ मध्ये बसवला गेला. 'रुग्णाला वर्षभरानं विचारा' हे त्यांचं म्हणणं आम्ही पुढची कित्येक दशकं खांद्याच्या बाबतीत पुरेसं ऐकलं नाही. ऐकलं असतं तर पुढचा अध्याय इतका लांबला नसता.

तो अध्याय छपराच्या हाडाचा आहे. १९७२ साली चार्ल्स नीअर यांनी मांडलं की हात वर केला की अक्रोमियनची पुढची कड कंडरेवर घासते, त्यातून दाह होतो, मग फाट पडते. म्हणून ती कड तासावी. कल्पना सुबक होती, दोराच्या चित्रात चपखल बसणारी होती. दुर्बिणीतून शस्त्रक्रिया करणं सोपं झालं तसं जगभर लाखो खांद्यांची हाडं तासली गेली. बरेच लोक बरेही झाले. पण ते हाड तासल्यामुळे बरे झाले का, हे तपासायला २०१८ साल उजाडावं लागलं. ब्रिटनमधल्या ३२ रुग्णालयांत ३१३ रुग्णांचे चिठ्ठ्या टाकल्यासारखे तीन गट पाडले. पहिल्या गटाचं हाड तासलं. दुसऱ्या गटाच्या खांद्यात दुर्बीण घातली, आत पाहिलं, काहीही न तासता बाहेर काढली. तिसऱ्या गटावर काहीच केलं नाही. सहा महिन्यांनी हाड तासलेले आणि नुसती दुर्बीण घातलेले यांच्यात फरक नव्हता. काहीच न केलेल्यांपेक्षा दोन्ही गट किंचित बरे होते, पण तो फरक रुग्णाच्या रोजच्या जगण्यात जाणवेल एवढा नव्हता. त्याच वर्षी फिनलंडमधल्या २१० रुग्णांच्या चाचणीनंही हाड तासणं आणि नुसती दुर्बीण घालणं यांत अर्थपूर्ण फरक नसल्याचं दाखवलं. दुखणं त्या कडेत असतं, तर ती कड तासल्यावर जास्त लोकांचं दुखणं गेलं असतं.

मग दुखणं असतं कुठं?

निरोगी कंडरेचा आतला भाग पाहिला तर कोलॅजेनचे, मुख्यतः पहिल्या प्रकारच्या कोलॅजेनचे, समांतर धागे दिसतात. त्यांच्यामध्ये टेनोसाइट नावाच्या मोजक्या, सडपातळ पेशी असतात. रक्तवाहिन्या थोड्या असतात, आणि मज्जातंतू जवळपास नसतातच. ते असतात कंडरेच्या बाहेरच्या आवरणात, सांध्याच्या कोशात, आणि मघाशी लक्षात ठेवायला सांगितलेल्या बर्सामध्ये. म्हणजे निरोगी कंडरेच्या गाभ्याला दुखणं कळवण्याची सोयच फारशी नसते. ही सोय आजारात तयार होते.

वाढलेलं वय, एकाच तऱ्हेचा पुन्हापुन्हा पडणारा ताण, कमी पडणारा प्राणवायू, रक्तातली जास्तीची साखर, तंबाखू. यातला एक किंवा अनेक घटक जुळून आले की टेनोसाइट बदलतात. सडपातळ पेशी गोलसर होतात, काही मरतात, उरलेल्या पेशी तिसऱ्या प्रकारचं, कमकुवत कोलॅजेन जास्त बनवतात. धाग्यांची समांतर रचना मोडते. प्राणवायूची टंचाई भागवण्यासाठी नव्या रक्तवाहिन्या आत शिरतात. आणि रक्तवाहिन्या एकट्या येत नाहीत. त्यांच्या कडेनं बारीक मज्जातंतूही वाढत आत येतात.

या तंतूंना वाढायला सांगणारं एक मुख्य प्रथिन म्हणजे नर्व्ह ग्रोथ फॅक्टर. रिटा लेव्ही-मोंताल्चिनी यांनी तो शोधला, आणि १९८६ मध्ये त्यांना स्टॅन्ली कोहेन यांच्यासोबत नोबेल मिळालं. गर्भात मज्जासंस्था घडवणारं हे प्रथिन प्रौढ शरीरात दुखणंही घडवतं. दुखापत झालेल्या ऊतींत त्याचं प्रमाण वाढतं. ते मज्जातंतूंना नव्या फांद्या फुटायला लावतं आणि आधीच्या तंतूंना जास्त हळवं करतं. मग जो ताण एरवी जाणवलाही नसता, तो दुखायला लागतो. शर्टाच्या बाहीत हात घालणं, मागच्या सीटवरची पिशवी उचलणं, स्त्रियांना पाठीमागे हूक लावणं. ही सगळी साधी हालचाल. तिनं काही फाटत नसतं. पण हळवे झालेले तंतू तीही कळवतात.

हे प्रथिन अडवलं तर दुखणं थांबेल का, हा प्रश्न साहजिकच विचारला गेला. तसं औषधही बनवलं गेलं, सांध्यांच्या झिजेसाठी. वेदना कमी झाल्या, पण काही रुग्णांचे सांधे झपाट्यानं खराब झाले. २०२१ मध्ये अमेरिकेतल्या तज्ज्ञ समितीनं त्याच्या विरोधात कौल दिला आणि ते काम थांबलं. दुखण्याचं जीवशास्त्र शरीराच्या दुरुस्तीत किती खोल गुंतलेलं आहे, ते यातून दिसतं.

आत आलेल्या या तंतूंची आणखी एक गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. आपण समजतो की मज्जातंतू फक्त निरोप नेतो. हे तंतू निरोप नेतात आणि त्याच वेळी आपल्या टोकातून ऊतींत रसायनंही सोडतात. सबस्टन्स पी हे त्यातलं एक, फॉन ऑयलर आणि गॅडम यांना १९३१ मध्ये सापडलेलं. सीजीआरपी हे दुसरं. या रसायनांनी रक्तवाहिन्या रुंदावतात, त्यांतून द्रव पाझरतो, मास्ट नावाच्या रोगप्रतिकारक पेशी उघडतात आणि हिस्टामिन सोडतात. त्याच पेशी नर्व्ह ग्रोथ फॅक्टरही सोडतात. त्यानं तंतू आणखी हळवे होतात आणि आणखी रसायन सोडतात. हे चक्र एकदा सुरू झालं की मूळ दुखापत किती लहान किंवा किती जुनी होती, याला फारसा अर्थ उरत नाही.

१९९८ मध्ये जपानमध्ये गोतो आणि सहकाऱ्यांनी शस्त्रक्रियेच्या वेळी बर्साचे नमुने घेऊन त्यातलं सबस्टन्स पी मोजलं. कुणालाही वाटेल की आरपार फाटलेल्यांत ते जास्त असेल. उलट निघालं. अर्धवट फाटलेल्या खांद्यांच्या बर्सात ते जास्त होतं, आणि त्याच रुग्णांना जास्त दुखत होतं. अर्धवट फाटीत उरलेल्या धाग्यांवर विषम ताण येतो, आणि शेजारची तंतूंनी भरलेली बर्सा चिडते. आरपार फाटीत तो ताणच उरत नाही. अशी एक संगती लावता येते, आणि मला ती पटते. पण संगती कुठलीही लावा, 'जास्त फाटलं, जास्त दुखलं' हे सूत्र या एका निरीक्षणानंही मोडतं.

तिसरं रसायन ग्लुटामेट. मेंदूत एका पेशीकडून दुसरीकडे निरोप पोचवणारं हे सगळ्यांत महत्त्वाचं उत्तेजक रसायन. कंडरेत त्याचं काय काम? स्वीडनमधल्या उमेओ इथं होकान अल्फ्रेडसन यांनी १९९९ मध्ये टाचेवरच्या दुखऱ्या कंडरांत अगदी बारीक नळी घालून आतल्या द्रवाची तपासणी केली. ग्लुटामेट भरपूर सापडलं. दाहाची खूण मानलं जाणारं प्रोस्टाग्लँडिन ई-२ मात्र वाढलेलं नव्हतं. पुढे ऑक्सफर्डच्या गटानं २०१४ मध्ये फाटलेल्या, दुखऱ्या खांद्यांच्या कंडरांत ग्लुटामेट टिपणारे ग्राही वाढलेले दाखवले. आपण मेडिकलमधून आणतो त्या बहुतेक वेदनाशामक गोळ्या प्रोस्टाग्लँडिनवर काम करतात. 'गोळी घेतली की दोन तास बरं, मग पुन्हा तेच' किंवा 'गोळीनं पोट बिघडलं, खांदा होता तिथंच' ही तक्रार मी रोज ऐकतो. गोळी एक रस्ता अडवते आणि दुखणं दुसऱ्या रस्त्यानं येतं.

प्रोस्टाग्लँडिन नाही म्हणजे दाहच नाही, असं मग बरेच जण म्हणू लागले. या वादाचा एक धागा कोपराशी जोडलेला आहे. २००४ मध्ये सचिन तेंडुलकरमुळे 'टेनिस एल्बो' हे नाव आपल्याकडे घरोघरी पोचलं. त्याच दुखण्यात निर्शल आणि पेट्रोन यांनी १९७९ मध्येच दाखवलं होतं की काढलेल्या कंडरेच्या तुकड्यात दाहाच्या पेशी फारशा दिसत नाहीत. पुढे २००२ साली 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मध्ये खान, कुक आणि सहकाऱ्यांनी 'टेंडिनायटिस', म्हणजे कंडरेचा दाह, ही कल्पनाच सोडून द्या, असं लिहिलं. एक पूर्ण पिढी 'ही झीज आहे, दाह नाही' असं शिकली.

पण त्यांनी पाहिलेले तुकडे कुणाचे होते? महिनोनमहिने गोळ्या, इंजेक्शनं, मालीश सगळं करून शेवटी शस्त्रक्रियेला आलेल्यांचे. २०१० मध्ये नील मिलर आणि सहकाऱ्यांनी एकाच खांद्यातून दोन नमुने घेतले : फाटलेल्या सुप्रास्पायनेटसचा एक, आणि वरवर शाबूत दिसणाऱ्या सबस्कॅप्युलॅरिसचा दुसरा. शाबूत दिसणाऱ्या नमुन्यात भक्षक पेशी आणि मास्ट पेशी जास्त होत्या. दाह सुरुवातीला असतो आणि आपण पोचेपर्यंत त्याचं रूप बदललेलं असतं. माझ्या मते दोन्ही बाजूंनी खरंच पाहिलं, फक्त वेगवेगळ्या वेळी पाहिलं.

आता दोन गोष्टी, ज्या रुग्ण नेहमी विचारतात. पहिली : दंडाच्या बाहेरच्या बाजूला, खांद्याच्या चार बोटं खाली दुखतं, तिथंच बाम चोळतो, मग खांद्याचा फोटो का काढायला सांगता? कफ आणि बर्सा यांचा निरोप मानेतल्या पाचव्या मज्जातंतूच्या आसपास मज्जारज्जूत शिरतो, आणि दंडाच्या त्या भागातल्या त्वचेचा निरोपही तिथंच येतो. मेंदूला दोन्हींतला फरक कळत नाही. याच कारणानं पित्ताशयाचं दुखणं उजव्या खांद्यात जाणवू शकतं, आणि हृदयाचं दुखणं डाव्या. हात हलवल्यानं न बदलणारं खांद्याचं दुखणं, सोबत घाम किंवा धाप असेल, तर अस्थिरोगतज्ज्ञाची वाट बघू नका, तडक रुग्णालयात जा.

दुसरी : रात्रीच का दुखतं? 'त्या कुशीवर झोपता येत नाही, तीन वाजता उठून बसतो' हे वाक्य ऐकलं की कफचा आजार ओळखायला निम्मी मदत होते. आडवं झाल्यावर हाताचं वजन खांद्याला खाली ओढत नाही, छपराखालची जागा आवळते, त्या कुशीवर बर्सावर दाब येतो, हे एक. दिवसभर लक्ष वेधणारं बाकीचं सगळं शांत होतं, हे दुसरं. तिसरं रसायनांत आहे : कोरियातल्या संशोधकांनी २०१४ मध्ये दुखऱ्या खांद्यांच्या ऊतींचा अभ्यास करून रात्री वाढणाऱ्या मेलाटोनिनचा या दुखण्यात हात असल्याचं मांडलं. आणि अपुरी झोप दुसऱ्या दिवशीच्या दुखण्याला आणखी धार लावते. म्हणून मी झोपेचा प्रश्न शिष्टाचार म्हणून विचारत नाही. उशी काखेत घेऊन, खांदा थोडा पुढे ठेवून झोपायला सांगतो. हा उपचाराचाच भाग आहे.

दुखणं लांबलं की ते खांद्यापुरतं राहत नाही. १९८३ मध्ये क्लिफर्ड वुल्फ यांनी उंदरांमध्ये दाखवलं की दुखापतीनंतर मज्जारज्जूतल्या पेशीच हळव्या होतात आणि हलक्या स्पर्शालाही वेदनेसारखा प्रतिसाद देतात. माणसाच्या खांद्याबाबत २०११ मध्ये ग्विलिम आणि सहकाऱ्यांनी छपराखालच्या दुखण्याचे रुग्ण तपासले. ज्यांच्यात असा हळवेपणा आधीच होता, त्यांना शस्त्रक्रियेनंतर कमी आराम पडला. 'मनाचं दुखणं' असं म्हणून अशा माणसाला परत पाठवणं मला अन्यायाचं वाटतं. त्याच्या मज्जासंस्थेत खरा, मोजता येणारा बदल झालेला असतो. घरकाम, शिवणकाम करणाऱ्या बायकांच्या वाट्याला ही वागणूक जास्त येते, हे मी पाहिलं आहे.

मग उपचार कशावर करायचे? इथं मला सगळ्यांत बोलका वाटतो तो २००४ मधला एक अभ्यास. अमेरिकेत गॅलॅट्झ यांच्या गटानं मोठ्या फाटी दुर्बिणीतून शिवल्या आणि वर्षभरानं सोनोग्राफी केली. १८ पैकी १७ शिवणी पुन्हा उसवलेल्या होत्या. आणि तरी बहुतेक रुग्ण समाधानी होते, दुखणं खूप कमी झालेलं होतं. दुसरीकडून पाहा : ज्यांची कंडरा अपघाताशिवाय, हळूहळू आरपार फाटली आहे अशा ४५२ अमेरिकी रुग्णांना शिस्तीत व्यायाम दिला, तर दोन वर्षांत चौथ्या हिश्श्यापेक्षा कमी लोकांनी शस्त्रक्रिया निवडली. बाकीच्यांची फाट कुणी शिवली नव्हती.

व्यायामानं फाट बुजत नाही. ताण मोजून, हळूहळू वाढवत दिला की टेनोसाइट त्या ताणाला प्रतिसाद देतात आणि कोलॅजेन पुन्हा रांगेत यायला मदत होते. उरलेले कफचे स्नायू आणि खवाटा फिरवणारे स्नायू भार उचलू लागतात. हालचाल म्हणजे इजा नव्हे, हेही मज्जासंस्था शिकते. याला आठवडे लागतात, साधारण बारा तरी धरा. पंधरवड्यात 'काही फरक नाही' म्हणून सोडून देऊ नका. स्टेरॉइडचं इंजेक्शन काही आठवड्यांची उसंत देतं, आणि त्या उसंतीत व्यायाम सुरू होत असेल तर ते जरूर घ्यावं. पुन्हापुन्हा घेतलं तर ते कंडरेला कमकुवत करतं.

शस्त्रक्रियेची जागा आहे, आणि ती मी ठामपणे सांगतो. चाळिशीतला माणूस दुचाकीवरून पडला, त्या क्षणापासून हात वर जाईना, तर थांबू नका. तिथं प्रश्न ताकदीचा आहे, उशीर झाला की स्नायू आक्रसतो आणि त्यात चरबी साचते. नॉर्वेतल्या मूसमायर यांच्या चाचणीत लहान-मध्यम फाटी शिवलेल्यांची स्थिती दहा वर्षांनी नुसता व्यायाम केलेल्यांपेक्षा सरस होती, हेही मी लपवणार नाही. वय, काम, ताकद, फाट कशी झाली, हे सगळं समोर ठेवून रुग्णानं आणि डॉक्टरानं मिळून ठरवायचं. नुसत्या रिपोर्टावरून ठरवायचं नाही.

आणि मधुमेह. साखर कोलॅजेनच्या धाग्यांना चिकटून त्यांना कडक करते आणि दुरुस्ती मंद करते. आपल्याकडे मधुमेह इतका आहे की खांदा दुखतो म्हणून आलेल्या पन्नाशीच्या माणसाची साखर तपासली नाही, तर तपासणी अर्धीच राहिली असं मी समजतो.

शेवटी ऑक्सफर्डच्याच स्टेफनी डेकिन आणि अँड्र्यू कार यांच्या गटाचं २०१५ चं काम. त्यांनी दुखणाऱ्या खांद्यांच्या कंडरांची, उपचारानंतर दुखणं थांबलेल्यांच्या कंडरांशी तुलना केली. दुखणं थांबलेल्यांत दाह आवरता घेणाऱ्या काही खुणा जास्त होत्या. म्हणजे दाह आपोआप विझत नाही, तो मिटवण्याचं काम पेशी करतात. त्याच अभ्यासात आणखी एक गोष्ट दिसली. एकदा दाहातून गेलेल्या कंडरेच्या पेशींवर त्याची छाप राहते, आणि पुन्हा चिथावलं की त्या निरोगी पेशींपेक्षा जास्त पेटतात. मला वाटतं, बरे झालेले कितीतरी रुग्ण वर्षा-दोन वर्षांनी पुन्हा येतात त्यामागे हेही असावं. पुन्हा दुखायला लागलं म्हणजे पुन्हा फाटलं, असं समजून ते घाबरतात, हात झोळीत बांधून ठेवतात आणि नव्या एमआरआयची चिठ्ठी मागतात. मी त्यांना आधी विचारतो : झोप कशी आहे, साखर किती आहे, आणि व्यायाम कधी सोडला?